झिंग्यांची सैपाकीण

पाटणवाडीच्या शाळेत कमलबाईनं तेवीस वर्षं खिचडी शिजवली. नळदुर्गहून आत वळलेल्या रस्त्यावरचं हे गाव, शाळा सातवीपर्यंतची. दुपारी पंगत बसली, की बाकीच्या बाया वाढण्यात दंग असायच्या. कमलबाई मात्र पंगत उठायची वाट बघत थांबायची. तिचं लक्ष असायचं ताटांवर, म्हणजे कुणी काय टाकलं त्यावर. एकदा वरण-भाताच्या दिवशी पोरांनी नुसता भात खाऊन डाळ ताटाच्या कडेला सारली होती. एका-दोघांनी नव्हे, साऱ्या पंगतीनं. कमलबाईनं गुरुजींना गाठलं आणि म्हणाली, "ही डाळ उद्या लावायची न्हाय. लेकरांच्या जिभेला कळलंय, आपल्याला अजून कळायचं हाय." पोतं उपसून पाहिलं, तर खालच्या अर्ध्या डाळीला ओल लागून बुरशी धरलेली. त्या दिवसापासून शाळेत कमलबाईचा शब्द खाली पडला नाही.

हे काम सुटलं तेव्हा तिची साठी जवळ आली होती. घरची द्राक्षाची बाग दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेली. बागेसाठी खणलेलं शेततळं मात्र तसंच होतं. त्यात पाणी मुरू नये म्हणून अंथरलेला प्लास्टिकचा काळा कागद शाबूत होता, आणि बोअरचं पाणीही भरून होतं. तिची सून शिवकन्या बचत गटाच्या एका प्रशिक्षणाला गेली आणि येताना नवीनच टूम घेऊन आली.

"आत्या, आपल्या तळ्यात झिंगे सोडायचे का? मोठ्या जातीचे, गोड्या पाण्यातले. हैदराबादचे व्यापारी जागेवर येऊन नेतात म्हणं."

"झिंगे?" कमलबाई हसली. "बोरी नदीच्या डोहात आमी लुगड्याच्या पदरानं धरायचो, ते?"

"ते बोटाएवढे. हे वीतभर व्हत्यात."

कमलबाईनं फार विचार केला नाही. तिनं एकच विचारलं, "खात्यात काय?"

पहिल्या वर्षी आषाढात बीज आलं. हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत जिऱ्याच्या दाण्याएवढी पोरं. पिशव्या आधी तळ्यात तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं, मग तोंडं सोडली. पहिले दोन महिने मोठे झकास गेले. झिंगे बोटाएवढे झाले, निळसर नांग्या दिसायला लागल्या. सासू-सुना सकाळ-संध्याकाळ विकतचं गोळी-खाद्य टाकत होत्या.

भाद्रपदात आभाळ आठ दिवस धरून राहिलं, ऊन म्हणून पडलं नाही. नवव्या दिवशी सकाळी काठाला चार झिंगे मरून पडलेले दिसले. दुसऱ्या दिवशी चाळीस. पाठीवर डाग दिल्यासारखे काळे ठिपके, मिशा तुटलेल्या, काहींचं कवच दाबलं तर पापडासारखं पिचणारं. शिवकन्येनं उमरग्याच्या राजशेखरला फोन लावला. राजशेखरचं उमरग्यात जनावरांच्या आणि माशांच्या खाद्याचं मोठं दुकान. माणूस बोलका आणि कामाला तत्पर, त्याच दुपारी मोटरसायकलवर आला.

"कमलअक्का, भिऊ नका," तो म्हणाला. "ही बाटली खाद्यात मिसळा. ताकदीचं टॉनिक आहे. झिंगे उड्या मारतील."

बाटली चार दिवस वापरली. झिंगे मरायचे काही थांबले नाहीत. पाचव्या दिवशी मत्स्य खात्यातून जाई आली. वय सत्तावीस-अठ्ठावीस, तुळजापूरच्या देवळाजवळच्या पुजाऱ्यांच्या घरातली पोरगी. घरात कांदासुद्धा जपून खाणारी माणसं, आणि ही माशांचं शास्त्र शिकून आलेली. तिनं बाटलीवरची बारीक अक्षरं उजेडाकडे धरून वाचली, आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, हे टॉनिक नाही. यात अँटिबायोटिक आहे, आणि झिंग्यांना ते द्यायला बंदी आहे. खाणाऱ्याच्या पोटात जातं. शिवाय रोगाचे जंतू त्याला सरावतात, ते वेगळंच."

कमलबाईनं बाटलीला बूच लावलं, पदरात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं उमरग्याला जाऊन राजशेखरच्या टेबलावर ठेवली. "तुला ठाऊक नव्हतं असं म्या धरते," एवढं बोलून ती परत फिरली. राजशेखरला खरोखरच ठाऊक नव्हतं. कंपनीच्या माणसानं सांगितलं तेच तो पुढं सांगत होता. पण त्याला ते फार लागलं.

त्या वर्षी निम्म्याहून जास्त झिंगे गेले. तळं उपसल्यावर जाई परत आली आणि तळ्याच्या बांधावर बसून तिनं कमलबाईला जे सांगितलं, ते कमलबाई अजून पुरवतेय असं म्हणायला हरकत नाही.

"माणसाच्या लेकराला लस टोचली, की अंगाला त्या रोगाची ओळख राहते," जाई म्हणाली. "झिंग्याचं तसं नाही. त्याच्या रक्ताला आपल्यासारखी याद राहत नाही. एकदा आजारातून वाचला, तरी पुढच्या खेपेला तो जवळजवळ नवखाच. त्याच्याजवळ असतं ते फक्त आजच्या दिवसाचं बळ. ते बळ टिकवायचं तर चांगलं पाणी आणि चांगलं जेवण."

"म्हणजे रोजच्या रोज," कमलबाई म्हणाली.

"रोजच्या रोज."

"मग जेवणात काय घालू?"

जाईनं सांगितलं, की लसूण, हळद, यीस्ट, क जीवनसत्त्व अशा गोष्टींवर अभ्यास झालेत, काही ठिकाणी गुण आलाय. "पण तुमच्या तळ्यात, तुमच्या पाण्यात, किती घातलं तर लागू पडेल, हे मला छातीठोक सांगता येणार नाही. ते करूनच बघावं लागेल. आणि करून बघायचं तर अर्ध्या झिंग्यांना द्यायचं, अर्ध्यांना नाही."

कमलबाई चमकून उठली. "हे न्हाय जमणार. एका पंगतीत बसल्यावर एकाला तूप आन् एकाला कोरडं, असा भेद म्या तेवीस वर्षांत केला न्हाय."

"मावशी, भेद नाही केला तर कळणार कसं? सगळ्यांना लसूण घातला आणि सगळे जगले, तर लसणामुळं जगले की पाऊसपाणी चांगलं होतं म्हणून जगले?"

कमलबाईनं दोन दिवस या गोष्टीचा विचार केला. तिसऱ्या दिवशी तिनं शिवकन्येकडून जाईला फोन लावून घेतला आणि म्हणाली, "कर तुझं. पर कोरडं खाणाऱ्यांची बी तेवढीच निगा राखीन म्या."

दुसऱ्या वर्षी तळ्यात जाळीचे सहा पेटारे टांगले. बांबू रोवले तर कागद फाटेल, म्हणून या काठापासून त्या काठापर्यंत दोर ताणून त्यांना ते बांधले. प्रत्येकात शंभर झिंगे, लपायला जुन्या कौलांचे तुकडे. कारण झिंगा कात टाकतो तेव्हा मऊ पडतो, आणि मऊ पडलेल्याला त्याचेच भाऊबंद खातात. तीन पेटाऱ्यांच्या दोरांना लाल चिंधी, बाकीच्या तिन्हींना पांढरी. लाल चिंधीला लसणाचं खाद्य, पांढरीला साधं.

आता खरी अडचण सैपाकाची होती. ठेचलेला लसूण गोळी-खाद्याला चोळून पाण्यात टाकला, तर तो पाण्यात उतरून जायचा आणि झिंग्याच्या तोंडी नुसती गोळी लागायची. शिवकन्येनं एका ताटात पाणी घेऊन, त्यात गोळ्या टाकून बघितलं. पाण्याला वास लसणाचा, गोळी मात्र फिकी.

"धरून ठेवणारं काहीतरी पायजे," कमलबाई म्हणाली, आणि चुलीपाशी गेली. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवली, कोमट होऊ दिली. त्यात लसणाचा ठेचा, चिमूटभर हळद आणि जाईनं दिलेली क जीवनसत्त्वाची पूड कालवली. खळ गरम असतानाच पूड टाकली तर तिचा गुण जातो, हे जाईनं बजावलं होतं, म्हणून ती दर खेपेला पातेल्यात आधी बोट बुडवून बघायची. मग गोळ्या त्या खळीत घोळवून परातीत सावलीला पसरायच्या. वाळल्या, की एक गोळी स्वतःच्या जिभेवर ठेवायची.

"आत्या, ते माशांचं खाद्य हाय!" शिवकन्या ओरडायची.

"मीठमसाला बघितल्याशिवाय म्या कधी पंगत वाढलीय का?"

पहिल्या खेपेला तिनं लसूण सढळ हातानं घातला. घासाला चव असावी, हा तिचा जुना स्वभाव. दोन तासांनी पेटाऱ्यांत खाद्य घालून सोडलेले ट्रे वर ओढले, तर लाल चिंधीवाल्या तिन्ही ट्रेंमध्ये निम्म्या गोळ्या तशाच. पांढरीचे ट्रे साफ. कमलबाई कितीतरी वेळ त्या उरलेल्या गोळ्यांकडे बघत बसली. मग लसूण निम्मा केला. तरी थोडं उरलं. आणखी कमी केला. चौथ्या दिवशी ट्रे चाटून पुसल्यासारखे निघाले. शिवकन्येनं ते माप वहीत लिहिलं, आणि पुढं तेच कायम राहिलं.

त्या वर्षीही भाद्रपदात आभाळ दाटलं. पुन्हा काळे ठिपके दिसायला लागले. पण पेटारे कुणी उचलून बघितले नाहीत. जाईनं ठरवून दिलेल्या दिवशीच मोजायचं, असा शब्द होता. आश्विनात मोजले. पांढऱ्या चिंधीखाली शंभरातले साठ-बासष्ट जगले होते. लाल चिंधीखाली ऐंशीच्या घरात. शिवकन्येनं बांधावरच आनंदानं टाळी वाजवली. कमलबाईचे डोळे भरून आले, पण ते पांढऱ्या पेटाऱ्यांकडे बघून. "कोरड्यावर ठेवले बिचाऱ्यांना," ती म्हणाली.

बातमी गावभर झाली, मग शिवारभर. कमलबाईच्या हाताला गुण आहे, तिनं झिंग्यांच्या रोगावर औषध काढलंय, असं लोक बोलायला लागले. ऐकून तिला बरंही वाटत होतं. का वाटू नये?

तिसऱ्या वर्षी तिनं पुन्हा सहा पेटारे टांगले. या खेपेला दोघींनी आधीपासूनच काळजी घेतली होती. तळाचा गाळ पंपानं खेचून काढला, पाण्यात हवा घालणारं यंत्र बसवलं, खाद्य मोजून टाकलं. पावसाळाही नीट झाला. आश्विनात मोजलं, तर लाल चिंधीखाली शंभरातले शहाऐंशी आणि पांढरीखाली पंच्याऐंशी.

शिवकन्येला वाटलं आपणच चुकलो. तिनं परत मोजलं. आकडे तेच.

"म्हणजे लसूण वाया?" तिनं विचारलं.

जाईचं म्हणणं निराळं होतं. "वाया नाही. यंदा रोगच आला नाही, मग ढालीचा उपयोग दिसणार कुठून? पण एक नक्की, की साध्या खाद्यावरचेही यंदा पंच्याऐंशी जगलेत. गेल्या वर्षी साठ. ती वाढ लसणाची नाही, स्वच्छ पाण्याची आणि नीट झालेल्या पावसाळ्याची."

कमलबाईनं मान डोलावली. मग शिवकन्येला म्हणाली, "हे बी लिही वहीत. आन् मोठ्या अक्षरात लिही."

त्याच महिन्यात दगडोबांच्या तळ्यावर रोग आला. दगडोबा नात्यानं तिचे थोरले दीर, सत्तरी ओलांडलेले, रान शेजारीच. कमलबाईचं बघून त्यांनी झिंगे सोडले होते. ते सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले.

"कमल, तुझं ते लसणाचं खाद्य दे. आमचे मरायला लागलेत."

कमलबाई पाटी भरून त्यांच्या बरोबर गेली. तळ्याच्या पाण्याला गढूळ हिरवा रंग चढला होता आणि उग्र वास येत होता. तिनं ट्रेमध्ये मूठभर गोळ्या टाकून तो खाली सोडला. दोन तास ती आणि दगडोबा बाभळीच्या सावलीत बसून राहिले. ट्रे वर ओढला. एकही गोळी हललेली नव्हती.

"बघा भावजी," ती म्हणाली. "ज्यानं खाणंच सोडलंय, त्याला खाण्यातनं काय देणार? माझं खाद्य धडधाकट असताना द्यायचं. आता त्याचा काही उपेग न्हाय."

दगडोबांचा चेहरा पडला. "लोक म्हणत्यात तुझ्या हातानं बरे व्हत्यात."

"लोकांचं सोडा. म्या न्हाय म्हणते ना?"

पाटी भरलेली तशीच परत न्यायला कुणाचंही मन कचरलं असतं. दोन मुठी टाकून, बघू या, देवाची मर्जी, असं म्हणून निघून येता आलं असतं, आणि उरलेले चार झिंगे जगले असते तर यश तिचंच झालं असतं. तिनं तसं केलं नाही. जाईला बोलावलं. मेलेले झिंगे वेचून, चुना टाकून, खड्ड्यात पुरले. खाद्य बंद केलं. तळाचं घाण पाणी काढून बोअरचं नवं सोडलं. दगडोबांच्या तळ्यावरची जाळी, बादल्या आपल्या तळ्यावर यायच्या नाहीत, आणि पाय धुतल्याशिवाय आपण बांधावर चढायचं नाही, असा दंडक तिनं घरात घातला. पंधरा दिवसांनी दगडोबांच्या तळ्यात तिसरा हिस्सा झिंगे राहिले. पण ते खात होते. मग कमलबाईनं स्वतः पाटी नेऊन दिली.

"आता घाला," ती म्हणाली. "आता खात्यात."

मार्गशीर्षात उमरग्याला शेतकरी मेळावा होता. राजशेखरनं पुढाकार घेऊन मांडव घातला होता. बाटलीची गोष्ट त्याच्या मनातून गेली नव्हती. कमलअक्काशी संबंध पुन्हा जुळावेत असं त्याला वाटत होतं, आणि धंद्याची गोष्टही डोक्यात होतीच. त्यानं तिचा फोटो छापलेल्या नमुन्याच्या पिशव्या करून आणल्या होत्या. वर ठळक अक्षरांत 'कमलबाई रोगप्रतिकारक चूर्ण' आणि खाली 'झिंग्यांच्या सर्व रोगांवर'. तिला पिशवी दाखवायला वेळ मिळाला तो थेट व्यासपीठावर.

"अक्का, आपल्या भागाचं नाव होईल," तो हळूच म्हणाला आणि माइक तिच्या हातात दिला.

दोन-अडीचशे माणसं समोर. शिवकन्या पहिल्या रांगेत, मांडीवर वही. कमलबाईनं माइक हनुवटीला टेकवला, तो किंचाळला, लोक हसले. ती पण हसली.

"म्या शाळेची सैपाकीण," ती म्हणाली. "भाषण येत न्हाय. पिशवीवर लिव्हलंय सर्व रोगांवर. तसं न्हाय. आमच्या दगडोबा भावजींच्या तळ्याला रोग आला, तवा माझ्या खाद्याला एका झिंग्यानं तोंड लावलं न्हाय. आन् यंदा माझ्याच तळ्यात, लसूण खाल्लेले शंभरात शहाऐंशी जगले, न खाल्लेले पंच्याऐंशी. आमच्या शिवकन्येनं लिव्हून ठेवलंय. कुणाला बघायचं आसल तर बघा."

राजशेखरनं मान खाली घातली होती. मागून एक शेतकरी उठला, आळंदकडचा असावा, बोलण्यात कानडी हेल होता.

"मग बाई, तुम्ही ते घालता कशाला?"

"गेल्या साली आभाळ आलं, तवा लसूणवाले ऐंशी जगले आन् कोरडे साठ. वाईट दिवस कधी येतोय ते मला ठाऊक न्हाय, म्हणून रोज घालते. पर आधी पाणी चांगलं ठेवते. घाण पाण्यात बसवून तूप वाढलं तर कोण जेवंल? आन् तुमच्या तळ्याचं मला कळत न्हाय. तुमी तुमच्या तळ्यात चिंध्या बांधा, अर्ध्यांना द्या, अर्ध्यांना देऊ नका, आन् खोटं मोजू नका. मग मला बी सांगा."

एवढं बोलून तिनं माइक राजशेखरकडे दिला. तो म्हणाला, "अक्का खरं बोलल्या," आणि पिशव्यांचा गठ्ठा टेबलाखाली सरकवला. दगडोबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. आपलं नाव भरसभेत निघालं म्हणून रागावतील, असं शिवकन्येला वाटलं होतं. म्हाताऱ्यानं फेटा सावरला आणि शेजारच्याला सांगितलं, "ती आमची भावजय."

मेळाव्यानंतर वही तासभर लोकांच्या हातात फिरत होती. त्या कानडी हेलाच्या शेतकऱ्यानं, त्याचं नाव शिवलिंगप्पा, मोबाइलवर पानापानाचे फोटो घेतले. पुढच्या आषाढात त्यानं स्वतःच्या तळ्यात सहा पेटारे टांगले. त्याच्यासकट नळदुर्ग-उमरगा पट्ट्यातल्या पाच तळ्यांवर लाल-पांढऱ्या चिंध्या फडकल्या. तीन ठिकाणी लसणाचे झिंगे जास्त जगले, एका ठिकाणी सारखेच, आणि एका ठिकाणी लसणाचेच कमी जगले. त्या तळ्याच्या मालकानं लसूण मापापेक्षा तिप्पट घातला होता. पाचही आकडे शिवकन्येच्या वहीत आहेत. जाईनं ते आपल्या वरच्यांना पाठवले. बीज सोडण्याआधी ते तपासून घ्यायचं, हेही आता या पट्ट्यात सगळे करतात. कमलबाई बीज तयार करणाऱ्या हॅचरीवाल्याला फोनवर विचारते, "तपासणीचा कागद हाय का? मग गाडी पाठव. नसंल तर नको," आणि ठेवून देते.

राजशेखरनं त्या चूर्णाच्या पिशव्या पुन्हा बाहेर काढल्या नाहीत. त्यानं दुकानात पेटाऱ्यांची जाळी ठेवायला सुरुवात केली, आणि बाटल्या घेताना तो आता स्वतः भिंगातून बारीक अक्षरं वाचतो. समजलं नाही तर जाईला विचारतो. कमलबाई उमरग्याला गेली तर त्याच्याकडे चहा घेतल्याशिवाय परतत नाही.

सध्या तिचं शेवग्याच्या पाल्यावर चालू आहे. पाला सावलीत वाळवून, वस्त्रगाळ करून, खळीत घालते. दोन खेपा झाल्या. गोळ्या छान हिरव्यागार होतात, झिंगे खातातही आवडीनं, पण अजून मोजणीत फरक पडलेला नाही. परवा कुणीतरी तिला विचारलं, शेवग्याचा गुण आला का, तर ती परातीतल्या गोळ्या हातानं पसरत म्हणाली, "आजून तरी न्हाय. आल्यावर सांगन."